सुधारानी, रविवारी सहा ते नऊ

पुणे
९ जून २०२४

प्रिय शिवशंकर,

कोण लिहितंय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पाकीट उलटसुलट करत बसशील. मी श्रीहर्ष. नौबादच्या अंबारी बारमधले खांबाआडचे मास्तर. आधी भालकीच्या हायस्कुलात शिकवायचो, मग बीदरला शिक्षण खात्यात आलो, आणि २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं दर रविवारी तुमच्या नवरंग मेलोडीज बँडसमोर बसलो. खांबाआड अशासाठी, की ज्यांच्या शाळा मी तपासायचो ते हेडमास्तर पलीकडच्या टेबलावर असायचे. तेही माझ्यापासून तोंड लपवायचे, त्यामुळे आमचं बरं जमायचं. घरी मी वाचनालयात जातो म्हणून सांगत असे. बायकोला, मालतीला, पहिल्याच महिन्यात कळलं, कारण वाचनालय रविवारी बंद असतं.

तुझा नंबर उदगीरच्या एका लग्नात मिळाला. फोन तुझ्या मुलानं, माउलीनं उचलला. म्हणाला, "बाबाला ऐकू येत न्हाई आता. कागद लिवा, वाचत्यात." ताल धरणाऱ्या अमृतप्पाचा ऑक्टोपॅड अर्ध्या मात्रेनं पुढं सरकला तरी कीबोर्डवरून मान वळवणारा तू!

आता कारण सांगतो. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितलाय. विषय माझ्यावर सोडला. मी लगेच म्हणालो, बँड. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पुण्यात नाट्यगृहं आहेत, सभागृहं आहेत, सगळीकडे जाऊन बसतो. पण सहाच्या ठोक्याला तुम्ही बसवण्णांचं कन्नड वचन गायला घ्यायचात आणि अख्खा बार ग्लास खाली ठेवायचा, तसं काही पुन्हा पाहिलं नाही. एकदा मी नवखा होतो तेव्हा शेंगदाण्याकडे हात गेला, तर शेजारचे मियाँ म्हणाले, "मास्टरसाब, जरा रुको, वचन चलरा." दारूच्या दुकानात मला कुणी शिस्त लावली ती तेवढीच.

आणि करंट गेला तो रविवार आठवतो? पंखे थांबले, माईक मेला, आणि सुधारानीनं गाणं सोडलंच नाही. तशीच, उघड्या गळ्यानं, कन्नडमधून मराठीत, मराठीतून तेलुगूत. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभे. रस्त्यावरचा लॉरीवाला आत येऊन भिंतीला टेकून रडायला लागला. विचारलं तर म्हणाला, ही माझ्या आईची भाषा.

सुधारानी म्हणजे आपली दीपमाला, तुझी धाकटी बहीण आणि नववीतली माझी विद्यार्थिनी, हे किती जणांना ठाऊक होतं? शेवटी मीच ते सगळ्यांना सांगितलं, माझ्या निरोपाच्या रविवारी. ते भाषण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं असं मी अजून मानतो.

मी बदलीवर धारवाडला गेलो आणि नंतर कळलं की बँड बंद पडला. का रे? आणि दीपमाला कुठं असते? तिला भेटल्याशिवाय हा लेख व्हायचा नाही. कळव.

तुझा,
श्रीहर्ष सर


मेहकर, ता. भालकी
२८ जून २०२४

सरांना नमस्कार.

पत्र मिळालं. माउलीनं सांगितलं ते खरं आहे. सहा वर्षं उजव्या कानाशी स्पीकर होता, नंतर लग्नांच्या वराती केल्या, तिथं डावा गेला. डॉक्टर म्हणाला, आधी यायला पाहिजे होतं. आता शेती बघतो. सोयाबीन, तूर. शेतात काही ऐकावं लागत नाही.

तुम्ही आमचं एवढं लक्षात ठेवलं, वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. त्या लॉरीवाल्याचं मी विसरून गेलो होतो. करंट गेला त्या दिवशी मी कीबोर्डवर नुसते हात ठेवून बसलो होतो, आवाज नव्हता, तरी बोटं तिच्या मागं जात होती. अमृतप्पा टेबलावर ताल देत होता. आमचं सगळ्यात चांगलं गाणं तेच झालं, आणि त्यात माझा एक सूरसुद्धा नव्हता. अमृतप्पा आता हैदराबादला लिफ्टच्या कंपनीत आहे. कीबोर्ड शेडमध्ये आहे, त्याच्यावर खताची रिकामी पोती टाकली आहेत.

बँड बंद झाला, तो झाला. कारण विचारू नका.

दीपमाला कुठं आहे मला माहीत नाही. ती आता गात नाही. बँडचं लिहायचं तर लिहा, माझं लिहा, अमृतप्पाचं लिहा. तिचं लिहू नका.

तुमच्यासारखं मन लावून ऐकणारा त्या बारमध्ये दुसरा नव्हता. म्हणून उत्तर दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.

शिवशंकर


पुणे
१४ जुलै २०२४

प्रिय शिवशंकर,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू असा तुटक कधी नव्हतास! बहीण कुठं आहे ते भावाला माहीत नाही, हे मी मुळीच खरं धरणार नाही. मी तीस वर्षं पोरांची गैरहजेरीची कारणं ऐकली आहेत.

माझा अंदाज सांगू? लग्न झालं असणार. सासरी कडक वातावरण असणार, बारमध्ये गायलेलं तिथं सांगायची चोरी. असं असेल तर मी येतो. मालतीलाही घेऊन येतो. सासरच्यांसमोर बसून सांगतो की तुमच्या सुनेचा गळा काय आहे. शिकलेल्या माणसानं शब्द टाकला की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तिच्याशिवाय लेख म्हणजे नुसती हॉटेलची जाहिरात होईल. बारच्या दारावरची ती पाटी तरी आठव, 'सुधारानी, रविवारी सहा ते नऊ'. लोक कशासाठी यायचे? तुझ्या कीबोर्डसाठी? रागावू नकोस, पण तुलाही ते ठाऊक आहे. फर्माईशीच्या चिठ्ठ्या अमृतप्पाकडं जायच्या, तो आधी वाचायचा, ज्यात काही वावगं असेल ती तोंडात टाकून चावून गिळायचा! सगळा बार हसायचा. तिच्यापर्यंत एकही घाणेरडा शब्द त्यानं कधी जाऊ दिला नाही. अशी राखण कुठल्या मोठ्या गायिकेची होत असेल?

आणि माझा निरोपाचा रविवार. शेवटचं गाणं पाहुण्याचं, हा तुमचा रिवाज. एका गिऱ्हाइकाला माईक द्यायचा. सहा वर्षांत मी कधी मागितला नव्हता. त्या दिवशी उठलो, गाता येत नाही म्हणून बोललो. म्हटलं, मंडळी, जिला तुम्ही सुधारानी म्हणून ओळखता ती मेहकरच्या आप्पारावांची लेक दीपमाला आहे, मी तिला नववीत शिकवलंय, आणि बीदरनं तिचं खरं नाव लक्षात ठेवावं. काय शांतता पसरली होती! मग टाळ्या. लोक उभे राहिले. ती माझ्याकडं बघत होती, डोळे भरलेले. मग ती धावत आत गेली. गहिवर आवरला नाही तिला. मी धारवाडच्या बसमध्ये रात्रभर तो चेहरा आठवत होतो.

हा प्रसंग लेखाचा शेवट म्हणून मी लिहूनही ठेवलाय. तिला तो एकदा वाचून दाखवावा, एवढीच इच्छा आहे. पत्ता पाठव, हट्ट सोड.

श्रीहर्ष सर


मेहकर
२ ऑगस्ट २०२४

सर,

तुम्हाला सांगायचं नाही असं मी नऊ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तुमचं वय झालं, चांगल्या मनाचा माणूस, कशाला त्रास द्यायचा, असं वाटायचं. पण तो प्रसंग तुम्ही लेखाचा शेवट म्हणून लिहून ठेवला आहे, म्हणून आता सांगतो. गहिवर नव्हता तो.

तुम्ही पहिल्यांदा बारमध्ये आलात त्या दिवशी दीपमालानं तुम्हाला ओळखलं. मध्यंतरात ती तुमच्या टेबलाजवळ आली. मी मागं उभा होतो, तेव्हा मला ऐकू येत होतं. ती हात जोडून म्हणाली, "सर, हितं मला सुधारानी म्हणत्यात. दीपमाला म्हणू नका. घरी मठात भजन शिकवते म्हणून सांगितलंय. आप्पाला कळलं तर सपलं." तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस पोरी. सहा वर्षं तुम्ही शब्द पाळला. म्हणूनच ती तुमच्याकडं बघून गायची. ह्या माणसापासून धोका नाही, असं ती मला म्हणायची.

तिचं लग्न ठरलं होतं. औरादकडचं स्थळ, मुलगा चांगला होता. साखरपुडा झाला होता, लग्नाला सव्वा महिना होता. अजून तीन रविवार गाऊन ती आपण होऊन सोडणार होती. मालकालाही सांगून झालं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जाणारच होतात.

तुम्ही उठून तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव घेतलंत तेव्हा दारापासच्या टेबलावर मुलाचा मामा बसला होता. बीदरला ट्रॅक्टरचं सामान न्यायला आला होता, तिथं पहिल्यांदाच आला होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि तो जागेवरून ओरडला, "मेहकरच्या आप्पारावची व्हय ही? आमच्या पोराला करून देयलेत ती?" तुमच्या कानावर ते आलं नाही. टाळ्या जोरात होत्या, आणि तुम्ही लोकांना हात जोडत होतात.

सकाळी आठच्या आत त्यांची जीप आमच्या दारात. मामा ओसरीवरसुद्धा चढला नाही, अंगणातूनच बोलला, सगळ्या आळीनं ऐकलं. आप्पांनी तिला मारलं नाही. मला म्हणाले, "शिव्या, तू पेटी वाजवायलास आन् बहिणीला दारुड्यांपुढं हुबी करायलास? कामून रं?" मग ते मामाला म्हणाले, "मला एकच पोरगी हाय, विजयश्री. ती दिली उदगीरला. दुसरी न्हाई." आई, राजूबाई, दाराआडून ऐकत होती. त्याच महिन्यात आप्पांनी भालकीला जाऊन रेशनकार्डातून दीपमालाचं नाव काढलं.

बँड माझा होता, सर. तिला बारमध्ये घेऊन जाणारा मी. मला घरात ठेवलं, शेत माझ्या नावावर केलं. ती एक पिशवी घेऊन गेली. मी एस. टी. स्टँडपर्यंत सोडायला गेलो, तेवढीच माझी मर्दानगी.

तिचं सासर नाही, त्यामुळं शब्द टाकायला यायची गरज नाही. ती कुठं आहे ते तुम्हाला सांगणार नाही. माझी एकच मागणी आहे. दीपमाला हे नाव, मेहकर हे गाव आणि आप्पांचं नाव तुमच्या लेखात कुठंही येता कामा नये. आप्पा अजून आहेत. आळीतले लोक आता कुठं विसरले आहेत.

शिवशंकर


पुणे
१९ ऑगस्ट २०२४

शिवशंकर,

पंधरा दिवस कागद समोर घेऊन बसतोय. मालतीला तुझं पत्र दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्हाला त्या मुलीपेक्षा तुमचं भाषण जास्त आवडलं होतं."

तिनं हात जोडले होते, ते मला आठवतं. आत्ता तू लिहिलंस म्हणून नव्हे, आधीही आठवत होतं. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर भाषणाबद्दल लिहिता आलं नसतं. त्या दिवशी दोन पेग झाले होते, पण त्यांच्यावर ढकलत नाही. मला वाटलं होतं, एवढा गळा खोट्या नावाखाली का राहावा? आणि त्यात माझाही डौल होताच, की ही मी शिकवलेली मुलगी. उभं राहून मी तिला मोठं करत होतो की स्वतःला, ते आता मला सांगता येत नाही.

मी नालायक ठरलो. माफी मागण्याची माझी योग्यता नाही, तरी मागतो. तिला सांगता आलं तर सांग.

तू मागितलंस त्याचा शब्द देतो. ती तिन्ही नावं कुठेही येणार नाहीत. हा शब्द तरी मी पाळीन.

श्रीहर्ष


पुणे
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय शिवशंकर,

दोन महिने तुझं उत्तर नाही. राग थोडा निवला असेल असं समजून हे पाठवतोय. सोबत दिवाळी अंक आहे, पान त्रेसष्ट.

लेख मागं घ्यायचं मनात आलं होतं. संपादकांना फोनही केला. पण ते म्हणाले, पानं लागली आहेत, आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणून धरलं नाही. लेख चांगला झालाय रे. दुसऱ्या कुणी नवरंग मेलोडीजबद्दल लिहिणार नाही, आणि मी गेल्यावर ते सगळं मातीत जाईल, असं वाटत राहिलं.

शब्द मात्र अक्षरशः पाळलाय, तपासून बघ. मेहकर नाही. भालकी नाही. तुझे वडील नाहीत, तू त्यात नुसता 'कीबोर्डवाला' आहेस. निरोपाचा प्रसंग पूर्ण काढला. दीपमाला हे नाव जिथं जिथं होतं तिथं सुधारानी घातलं. ते बारच्या पाटीवरचं नाव. त्या नावाची बाई मुळात कुठं नव्हतीच, तेव्हा कुणाचं काही बिघडायचा प्रश्न नाही. तिचं गाणं तेवढं राहील.

करंट गेल्याचा प्रसंग शेवटी घेतलाय. संपादकांना तो वाचून भरून आलं. त्यांनीच विचारलं, फोटो आहे का? एका वेटरनं माझ्या मोबाईलवर काढलेला एक सापडला. ती माईक धरून उभी आहे, पुढच्या टेबलावरच्या बाटल्याही आल्या आहेत. त्यामुळं वातावरण कळतं, असं ते म्हणाले. नऊ वर्षांपूर्वीचा चेहरा, पुण्याच्या अंकात, कोण ओळखणार?

जमलं तर तिला अंक दाखव. वाचून तिला निदान एवढं कळेल की कुणीतरी तिचं गाणं विसरलेलं नाही.

श्रीहर्ष सर


मेहकर
४ डिसेंबर २०२४

सर,

सुधारानी नावाची बाई होती. गाणगापुरात.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. ती कुठं आहे ते मला माहीत होतं, आणि ती गातही होती. घर सुटलं तेव्हा तिच्याजवळ दुसरं नाव तयार होतं, तेच घेऊन ती तिथं उतरली. एका यात्री निवासात शरणम्मा म्हणून स्वयंपाकाची बाई आहे, तिनं तिला आपल्या खोलीत घेतलं. आधी भांडी, मग पोळ्या. एकदा संध्याकाळी चौकात बसून ती दत्ताचं पद म्हणत होती, यात्रेकरू भोवती जमले. तिथून रोजच सुरू झालं. पुण्याचे, सोलापूरचे लोक खोली घेताना विचारायचे, सुधाताई आहेत ना? बायका तिच्या पाया पडायच्या. कुणी तिचं गाव विचारलं नाही. मी दर पौर्णिमेला जायचो आणि समोर बसून तिचे ओठ बघायचो. पद कोणतं चाललंय ते मला ओठांवरून कळायचं. नऊ वर्षं असं चाललं, सर. ती सुखात होती.

तुमचं माफीचं पत्र मी भाद्रपदातल्या पौर्णिमेला तिला दाखवलं. माझं तुम्हाला काय लिहून झालं होतं तेही सांगितलं. ती रागावली नाही. माझ्या वहीत तिनं लिहिलं, "अण्णा, मग सर कोणतं नाव टाकतील?" मी म्हणालो, "मास्तर माणूस हाय, समजतंय त्यास्नी." पण बसमध्ये मला झोप लागली नाही. घरी येऊन पत्र लिहायला बसलो. सुधारानी हेसुद्धा घालू नका, ती आता त्या नावानं जगते आहे, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. लिहिलं आणि फाडलं. तिचं हे नाव तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मागचं नाव लपवायला तिनं सांगितलं होतं, त्याचं काय केलंत ते मी बघितलं होतं. मग सोयाबीन काढणीला आलं, आणि उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून हे झालं. ठेवला असता तरी काय झालं असतं, कोण जाणे.

तुमचा अंक मला मिळायच्या आधी तो गाणगापुरात पोचला होता. पुण्याचं महिलांचं भजनी मंडळ आलं होतं. एकीनं प्रवासात वाचायला आणला होता. तिनं लेख वाचला, तिला फार आवडला, आणि ती चौकात सगळ्यांसमोर आनंदानं ओरडली, सुधाताई, या तुम्हीच ना? फोटो हातोहात फिरला. कुणी वाईट बोललं नाही म्हणे. फक्त त्या संध्याकाळी समोर बसायला नेहमीपेक्षा कमी बायका आल्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं तिला बोलावून सांगितलं की देवाच्या दारात हे बरं दिसत नाही, भजन बंद ठेवा, पोळ्या करा. ती पोळ्या करायला बसली. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातल्या माणसांनी फर्माईशीची चिठ्ठी पाठवली. तिथं अमृतप्पा नव्हता गिळायला. ती तिच्या हातात आली.

कार्तिकी पौर्णिमेला मी माउलीला घेऊन गेलो. अंक पिशवीत होता, तुमच्या पत्रासकट. खोलीत तिची वळकटी नव्हती. शरणम्मा बोलत होती आणि माउली माझ्या वहीत लिहीत होता. चार दिवस झाले जाऊन. कुठली गाडी? "तेवढं इचारू नका म्हणून सांगितलंय." माझ्यासाठी काही निरोप? माउलीचा हात थांबला. मी म्हणालो, लिही. त्यानं लिहिलं, "अण्णावर राग न्हाई म्हणाली. पर पत्ता देऊ नका म्हणाली. अण्णा पत्रं लिवायलाय."

आप्पांना काही कळलेलं नाही. त्यांना मराठी अंक कोण दाखवणार? तुमचा शब्द तुम्ही पाळलात. मेहकरात आमची अब्रू शाबूत आहे.

तुमचा लेख मी तीन वेळा वाचला. चांगला लिहिला आहे. करंट गेला तो भाग वाचताना मला तिचा आवाज ऐकू आला, आणि त्याबद्दल मला तुमचा जास्तच राग आला. याला उत्तर पाठवू नका. आलं तर माउली परत पाठवेल, त्याला तसं सांगून ठेवलं आहे.

अंक या पाकिटातच आहे. मला तो घरात नको. पान त्रेसष्टवर फोटोच्या जागी भोक दिसेल. ती घरातून गेली त्या दिवशी आप्पांनी तिचे सगळे फोटो चुलीत घातले होते, शाळेतलासुद्धा. म्हणून हा मी कापून ठेवला आहे. बाटल्या तेवढ्या कात्रीनं काढता आल्या नाहीत, त्या तिच्या हाताला लागून आहेत.

शिवशंकर